दोनदा नाही

माझ्या बाबांना कोणालाच नाही म्हणता येत नसे. म्हणजे ते नाही म्हणत, पण समोरच्याने ते खरं धरू नये अशा बेताने म्हणत. पंगतीत वाढणारा जवळ आला की बाबा दोन्ही हात ताटावर आडवे धरत आणि "नोको, नोको, झालं" म्हणत. वाढणारेही त्यांना ओळखून असत. बोटांच्या फटीतून पहिला वडा आत जाई. दुसऱ्या खेपेला बाबा नुसती मान हलवत. तिसऱ्या खेपेला हात बाजूला घेत आणि समोरच्यावर उपकार केल्यासारखे वाढून घेत. मग रात्रभर पोट धरून बसत आणि आई ओवा शोधत फिरे.

आमच्या भागात ही रीतच होती. पहिल्याच वेळी हो म्हणणारा पाहुणा हावरट आणि तिसऱ्या वेळीही नाही म्हणणारा माजलेला. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा समोरच्याचा मान ठेवायचा. याची दुसरी बाजू अशी की आपल्याला काही हवं असेल तर तोंडाने मागायचं नाही. समोरच्याने ओळखावं आणि आग्रह करावा. आमच्या एकोडी गावातली माणसं याच रीतीवर जन्म काढत, आणि पंगतीपुरतं ते ठीकही होतं. पंगतीत फार तर पोट बिघडतं.

मी तेव्हा भंडाऱ्याला डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या एकोडीतून भंडाऱ्याला राहून शिकणारी मी पहिलीच मुलगी, त्यामुळे बाबा बसस्टँडवर भेटेल त्याला ते सांगत आणि सांगताना आवाज मुद्दाम साधा ठेवत. वसतिगृहात माझी एक पत्र्याची पेटी होती, निळ्या रंगाची. तिच्यावर मी पांढऱ्या ऑइलपेंटने माझं नाव लिहिलं होतं आणि नावापुढे थोडी जागा रिकामी ठेवली होती. दोन वर्षं झाली की तिथे 'शिक्षिका' लिहायचं असं ठरवून. आता हे सांगताना मलाच माझी कीव येते, पण तेव्हा फार थाटात ती जागा मोजून ठेवली होती.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आणि आंबागडच्या मामांचं पत्र येऊन पडलं. मंडईला या, बाईला, म्हणजे मला, घेऊन या, चिखल्याचे पाहुणे येत आहेत. पाहुणे म्हणजे मला पाहायला येणारे, हे पत्रात लिहिलेलं नव्हतं आणि लिहायची गरजही नव्हती. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. दुकानं लागतात, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो, नाटक होतं, लेकीबाळी माहेरी येतात आणि ज्यांच्या घरी लग्नाची मुलं आहेत ते सारे एकमेकांच्या मुली पाहून घेतात. धान कापणीला आलेलं असतं, थोडी उसंत असते, चारी बाजूंनी सोयरे एका जागी जमलेले असतात. वेगळा कांदेपोह्यांचा घाट घालावा लागत नाही.

मी रडले. आई म्हणाली, पाहिल्याने काय अंग झिजते का. बाबा पिशवी भरायला लागले. पण तुमसरच्या बसमध्ये, आई पलीकडच्या बाकावर डुलक्या घेत असताना, ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुले नाही करायचं ना आता?"

"हे साल झालं की अजून एक वर्ष राहिलं, बाबा."

"मंग झालं. मी सांगतो त्यायले, पोरीचं एक साल बाकी आहे म्हणून. तू कायले भेतेस? फक्त पाहून घेऊ दे. मामाचा शबूद राह्यते."

मला त्या बसमध्येच हलकं वाटलं. बाबांनी स्वतःहून विचारलं होतं. मला मागावं लागलं नव्हतं. तुमसर येईपर्यंत मी खिडकीतून धानाच्या बांध्या, बांधांनी आखलेली शेतं, पाहत होते आणि दुसऱ्या वर्षाला कोणत्या बाई शिकवायला येतील याचा विचार करत होते.

मुलगा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत हजेरीबाबू होता. तो आणि त्याची आई, दोघंच आले होते. वडील नव्हते. मामांच्या ओसरीवर चहा झाला, फराळ झाला, मी खाली मान घालून बसले. त्याच्या आईने मला दोन-तीन प्रश्न विचारले. त्याने एकही विचारला नाही. त्याच्या नखांच्या कडांना काळी रेघ होती, खाणीतली, कितीही धुतली तरी न जाणारी. एवढंच मी पाहिलं. वाईट माणूस वाटला नाही, चांगलाही वाटला नाही. मला एका वर्षाची काळजी होती, माणसाची नव्हतीच.

"आठ रोजानं कळवतो," त्याची आई म्हणाली. बाबांनी मान डोलावली आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणजे आठ दिवस आहेत, सावकाश सांगू. मीही मनात म्हटलं, सुटले.

इथेच सारे उठून आपापल्या घरी गेले असते तर मी आज काही वेगळं लिहीत बसले असते. पण मामा यजमान. पाहुणे मंडईला आले आणि मंडई न दाखवता परत पाठवले, असं कसं होईल? ऊन उतरल्यावर आम्ही सारे निघालो. मामा पुढे, त्यांच्यामागे बाबा, मग तो मुलगा, मग त्याची आई, मामी आणि माझी आई, आणि सगळ्यात शेवटी मी. मामा वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला थांबून "चिखल्याचे पाहुणे" म्हणून ओळख करून देत होते आणि प्रत्येक जण आधी पाहुण्यांकडे आणि मग मान वळवून माझ्याकडे पाहत होता.

तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, त्या वर्षी आकाशपाळणा आला होता. लाकडी, आठ पाळण्यांचा. इंजीन वगैरे काही नव्हतं. चार गडी होते. दोघं खालून ओढत आणि दोघं माकडासारखे आऱ्यांवर चढून आपल्या वजनाने चाक खाली आणत. त्याचा मालक बालाघाटकडचा होता. गळ्यात पिवळा रुमाल, ओठात शिटी, आणि जिभेवर अर्धी हिंदी, अर्धी मराठी. मी आयुष्यात पुष्कळ दुकानदार पाहिले, साडीवाले पाहिले, विम्याचे एजंट पाहिले. त्या माणसाची सर कोणालाच नव्हती.

तो गिऱ्हाइकाला कधीच तिकिटाचं विचारत नसे. तो आधी माणसं पाही. आमच्या पुढे एक मास्तर होते, छत्रीवाले, सोबत बायको. मास्तरांनी ताठ आवाजात सांगितलं, "साधी फेरी. दोन माणसं. दुसरं काही नको." पाळणेवाल्याने फार नम्रपणे त्यांना एका पाळण्यात बसवलं. त्याचा पुढचा दांडा सुतळीने बांधलेला होता. मास्तर दांड्याकडे पाहत राहिले.

"हे सुतळी काहून बांधली?"

"काही नाही गुरुजी. साध्या फेरीचा पाळणा आहे ना. दांडा नवा आहे तो उधर, गादीवाल्याले. पर ये भी चलता है. अभी तक कोई गिरा नहीं."

मास्तरांच्या बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर दोन पळं विचार करून उतरले आणि गादीच्या पाळण्यात जाऊन बसले. मग त्यांना पाच फेऱ्यांच्या जागी दहा घ्याव्या लागल्या, कारण गादीच्या पाळण्याला पाच फेऱ्या नसतातच असं निघालं. मास्तर वर जाताना छत्री घट्ट धरून बसले होते आणि त्यांच्या तोंडावर फसवलं गेल्याचं आणि वाचल्याचं असे दोन्ही भाव होते. मला हसू आलं. त्या मुलालाही आलं. आमची नजर एकदा भेटली आणि मी लगेच तळ्याकडे पाहिलं.

मग आमची पाळी आली. पाळणेवाल्याने आमच्याकडे एकदा नजर टाकली आणि कोण मुलीकडचे, कोण मुलाकडचे, यजमान कोण, खिसा कोणाचा, हे सारं त्याला न विचारता कळलं. मुलाच्या आईकडे तर तो फिरकलाही नाही. तो नेमका बाबांसमोर येऊन उभा राहिला.

"बाबाजी, पाहुणे आहेत. गादीचा देऊ?"

"नोको, नोको," बाबा म्हणाले. "साधाच बरा."

"साधा पाहुण्यायले?"

"साधाच द्या," बाबा पुन्हा म्हणाले. पण आवाज खाली आला होता.

"देखो मालिक, आपकी मर्जी. मी काही म्हनत नाही. पर मुलुखभराचे लोक पाहून राहिले."

बाबांनी मामांकडे पाहिलं, मामांनी आभाळाकडे. बाबा म्हणाले, "बरं, द्या मंग." मला ते दिसलं. पंगतीतले हात ताटावरून बाजूला होताना जसे दिसत, तसेच खांदे सैल झाले. त्या बालाघाटकडच्या माणसाला आमची रीत कोणी सांगितली होती कोण जाणे. बहुधा गावोगावच्या मंडया फिरून तो शिकला असावा. पहिल्या दोन नाहींना तो थोडाही हलत नसे. तिसऱ्याची वाट पाहत हसतमुख उभा राही.

मी मामीबरोबर बसायचं आणि तो मुलगा त्याच्या आईबरोबर, असं आमचं आपसांत न बोलता ठरलं होतं. तशीच मी चढायला गेले. तोच शिटी वाजली.

"नाही नाही, असं नाही जमत. वजन बरोबर पाहिजे, बहनजी. हाताचं चाक आहे. एक बाजू भारी झाली त गडी मरते माझा." त्याने मामीला आणि मुलाच्या आईला खाली-वर पाहिलं. दोघीही अंगाने भरलेल्या. "तुम्ही दोघी एकात बसा. तुमच्या सामोरच्या पाळण्यात ते मावशीजी आणि मामाजी. बराबर झालं? आता हे दोघं हलके राहिले." हलके म्हणजे मी आणि तो. "हलक्याले मी जोडीचा पाळणा देतो."

जोडीचा पाळणा म्हणजे लाल रंगाचा, वर कागदी फुलांची कमान, आत दोन माणसांपुरती गादी. तो मघापासून रिकामाच फिरत होता.

मामीने पदर तोंडाला लावला. त्याच्या आईने "अगं बाई" म्हटलं, पण तोवर गड्याने तिला हात धरून आत बसवलंही होतं. माझी आई आणि मामा समोरच्यात. खाली उरले एकटे बाबा. मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांनी जितकं सांगता येतं तितकं सारं सांगितलं.

"नाही," बाबा म्हणाले, "असं नाही बसवाचं. अजून काही ठरलं नाही."

"बाबाजी, पाच मिनिटाची गोष्ट आहे."

"नाही म्हटलं ना बाप्पा. लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हनन? तुमच्या सामोर आहेत, दिवसा आहेत, उघड्या आभायात आहेत. का तुमचा पाहुण्यावर भरोसा नाही?"

तो मुलगा तिथेच उभा होता. हा प्रश्न त्याच्यासमोर विचारला गेला होता. आता बाबांनी नाही म्हटलं तर ते पाळण्याला नाही राहत नव्हतं, त्या मुलाला होत होतं. बाबांनी एकदा त्या मुलाकडे पाहिलं. ते म्हणाले, "भरोसा कायले नाही? बस बाई, बस."

मी बसले. तो बसला. मध्ये वीतभर जागा ठेवून बसलो तरी गादी खचलेली होती, दोघंही मधल्या खड्ड्याकडे घसरत होतो आणि दोघंही आपापल्या बाजूचा दांडा धरून वर ओढून घेत होतो. चाक फिरलं. पहिली फेरी मी डोळे मिटूनच काढली. दुसऱ्या फेरीला तलाव दिसला, त्यापलीकडे पिवळ्या बांध्या, आणि मागे गडाची टेकडी एकदम जवळ आल्यासारखी. तिसऱ्या फेरीला खालून पाळणेवाल्याचा आवाज आला, बाबांशी बोलत असलेला. शब्द कळले नाहीत. एवढंच कळलं की बाबा काही तरी दोनदा म्हणाले.

मग आमचा पाळणा सगळ्यात वर असताना चाक थांबलं.

वर थांबवणं ही वेगळी विक्री होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं चाक बिघडलं. वर वारा होता. खालचा गलका एकदम लांब गेला. मंडईची कापडी छपरं, माणसांची डोकी, आणि त्यात मान वर करून पाहणारे बाबा, टोपीवरून ओळखू येणारे. मला वाटलं, ही देवानेच दिलेली वेळ आहे. खाली गेल्यावर बाबांच्याने काही होणार नाही, हे मला कळून चुकलं होतं. जे सांगायचं ते मीच सांगायचं, याच्याजवळच, आणि आताच. मला शिकायचं आहे, एक वर्ष राहिलं आहे, तुम्हीच घरी जाऊन नाही म्हणा. इतकंच. मी छातीत हवा भरून घेतली आणि त्याच्याकडे वळून म्हटलं, "मले..."

"बोलू नका, बहनजी. फोटो हलते."

आमच्या बरोबरीने, पाळणा वर थांबतो त्या उंचीवर, बांबूचं एक मचाण बांधलेलं होतं. त्यावर एक माणूस कॅमेरा डोळ्याला लावून उकिडवा बसलेला होता. इतका वेळ मला तो दिसलाच नव्हता. "इकडे पहा. दोघंही. साहेब, थोडं जवळ सरा. तोंड बंद, बहनजी." मी थांबले. का थांबले हे मी पुढे हजार वेळा स्वतःला विचारलं आहे. कोणीतरी हलू नका म्हटलं आणि मी हलले नाही. खटका दाबल्याचा आवाज आला. आणि लगेच, फोटोवाल्याने हात केल्याबरोबर, चाक सुटलं. खाली उतरेपर्यंत शब्द कुठल्या कुठे गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एकोडीला निघायच्या तयारीत होतो. मामा बाहेरून आले ते हसत. फोटोवाल्याने रातोरात फोटो धुतले होते आणि नमुना म्हणून दुकानासमोर तारेला चिमट्याने लटकवले होते. आमचा फोटो सगळ्यात मोठा काढून मधोमध. जाणारा-येणारा प्रत्येक माणूस तो पाहत होता. तीन तालुक्यांचे सोयरे तिथे जमलेले. सोयऱ्यांकडे मुक्कामाला राहिलेल्या मुलाच्या आईला म्हणे सकाळपासून सात-आठ जणींनी विचारलं, जमलं का हो? आता ती बाई काय म्हणणार? आमच्या लोकांत तेव्हा एका पाळण्यात बसून काढलेला फोटो म्हणजे अर्धं लग्नच. नाही म्हणावं तर मुलीची चर्चा, आणि तिच्या मुलाचीही. आठ दिवसांनी कळवणार होती, ती त्याच दुपारी मामांच्या ओसरीवर येऊन बसली. साखर वाटली गेली. मामांनी फोटो चौकटीसकट आणला, कारण फोटोवाल्याने बिनचौकटीचा दिलाच नाही.

परतीच्या बसमध्ये मी बाबांना म्हटलं, "तुम्ही म्हणाले होते."

बाबांनी टोपी काढली. मग हातातली टोपी फिरवत म्हणाले, "मी नाही म्हटलं होतं, बाई. दोनदा म्हटलं होतं नाही. फोटोलेही दोनदा म्हटलं."

त्यांनी हे खोटं सांगितलं नाही. त्यांच्या हिशेबाने त्यांनी माझ्यासाठी जेवढं करता येतं तेवढं केलं होतं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण त्यांचे डोळे भरलेले पाहून मलाच त्यांची समजूत घालावी लागली. मी म्हटलं, जाऊ द्या बाबा. ते लगेच म्हणाले, लग्न झाल्यावरही शिकता येते, जावई समजदार दिसते, तो स्वतःच म्हणन.

वैशाखात लग्न झालं. पहिल्या वर्षाची परीक्षा दिली होती, पासही झाले. जून आला. चिखल्याच्या खाणीच्या वसाहतीत दोन खोल्या, अंगणात तुळस, पानांवर काळी धूळ. मी रोज वाट पाहत होते की हे विचारतील. कॉलेज केव्हा सुरू होते, असं एकदा विचारतील. मी आधी नाही म्हणेन, घरचं कोण पाहील म्हणेन. मग ते पुन्हा म्हणतील. तिसऱ्यांदा मी हो म्हणेन. मनात मी सारं रचून ठेवलं होतं. जून गेला, जुलै गेला. बाबा वसतिगृहातून माझी निळी पेटी घेऊन आले आणि सासूबाईंनी तिच्यात गहू भरले.

मी मागितलं का नाही, असं आजची माझी मुलगी मला विचारते. तिला काय सांगू? मी बाबांचीच लेक. आमच्याकडे मागायचं नसतं.

फोटो भिंतीवर लागला. त्यात त्यांची मान माझ्याकडे वळलेली आहे आणि माझं तोंड थोडं उघडं आहे. 'मले'नंतरचं तोंड ते. येणारे-जाणारे म्हणत, किती छान हसून राहिली. मी दर दिवाळीला चौकट पुसत असे आणि दर दिवाळीला ते तोंड पाहून मला राग येत असे. फोटोवाल्याचा, पाळणेवाल्याचा, मामांचा. मग कपडा पिळून दुसऱ्या कामाला लागत असे.

सात-आठ वर्षं गेली. माझी मुलगी पहिलीत होती, आम्ही पुन्हा एकदा आंबागडच्या मंडईला गेलो. मामा थकले होते, बाबा गेले होते. पाळणा आला होता, आता लोखंडी, डिझेल इंजिनाचा. पण मालक तोच. रुमाल पिवळा, केस पांढरे. त्याने आम्हाला ओळखलं नाही. पण माणसं ओळखली. सरळ मुलीसमोर वाकून म्हणाला, "गुड्डी, गादीवाला पाहिजे ना?"

आमचे हे म्हणाले, "साधाच द्या." मग पुन्हा म्हणाले, "साधाच." मग आम्ही गादीवाल्यात बसलो. वर थांबलो. समोर लोखंडी मनोऱ्यावर फोटोवाला, दुसराच, तरुण. मुलगी आमच्या मध्ये, टाळ्या वाजवत. फोटो झाला. चाक सुटलं नव्हतं, खाली कोणाची तरी चप्पल पडली म्हणून गडी शोधत होते. तेव्हा ते समोर गडाकडे पाहत म्हणाले, "तू तई, त्या पहिल्या खेपेले, इथं काहीतरी म्हणून राहिली होती. मले, म्हणून थांबली होती. काय म्हणत होती?"

 सात-आठ वर्षं भिंतीवर तो फोटो होता. रोज त्याच्याखाली बसून ते जेवत. आणि प्रश्न आज.

"मले शिकाचं आहे, म्हणत होते. एक वर्ष राहिलं आहे, तुम्ही नाही म्हणा, म्हणत होते."

इंजीन सुरू झालं आणि आम्ही खाली येऊ लागलो.  खाली पाळणेवाल्याने चौकटीचं विचारलं, त्यांनी हो म्हटलं, एकदाही नाही न म्हणता. मुलीला फुगा घेतला. मामांच्या घरी जेवलो. परतीच्या बसमध्ये मुलगी माझ्या मांडीवर झोपली. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी गुडघ्यावर धरला होता. तुमसर गेल्यावर ते म्हणाले, "आंबागडच्या मामाजीनं त मले सांगितलं होतं का तिलेच नाही शिकाचं आता. म्हणून मी विषय नाही काढला. तुले वाईट वाटन म्हणून."

मी मुलीच्या अंगावरचा पदर सारखा केला.

"तू म्हटलं असतं त थांबलो असतो मी. एका सालाचं काय होतं?"

ते मनापासून बोलत होते. हा माणूस खोटं बोलत नाही, हे मला तोवर पुरतं ठाऊक झालं होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं, अडवलं असतं, तर मला कोणावर तरी दात खाता आले असते. इतकी वर्षं मी तेच करत आले होते. तो माणूस थांबला असता. फक्त एकदा तोंड उघडून सांगायचं होतं, वर नाही तर खाली, मंडईत नाही तर जूनमध्ये, स्वयंपाक करताना, कधीही. बाबा निदान दोनदा नाही म्हणाले होते. मी एकदाही काही म्हटलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, "आता भराचा का फॉर्म?"

"नोको," मी म्हटलं. "आता कायले?"

"पाहा बरं."

"नोको."

आणि मी खिडकीकडे तोंड करून त्यांच्या तिसऱ्या वेळेची वाट पाहू लागले. त्यांनी मान हलवली, फोटो दुसऱ्या गुडघ्यावर घेतला आणि डोळे मिटले. चिखला येईपर्यंत ते झोपलेले होते.